हिरोच्या बापाचा रोल

नट व्हायचं असेल तर ही गोष्ट चहावाल्याला सगळ्यात शेवटी सांगावी. नागोरावांनी ती सगळ्यात आधी सांगितली. त्यामुळे दोन दिवसांत तेलंगणातल्या नेरडीगोंड्याच्या चौरस्त्यावरची निम्मी माणसं त्यांना ‘हिरो’ म्हणू लागली आणि उरलेली निम्मी सल्ले देऊ लागली.

नागोरावांचं दुकान हायवेला लागून आहे. कासरे, दावी, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे असा बैलांचा सगळा साज तिथं मिळतो. पोळ्याच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि पोळा झाला की माशीसुद्धा विचार करून आत येते. अशाच एका रिकाम्या दुपारी दुकानासमोर पांढरी जीप थांबली. डोक्यावर काळा चष्मा अडकवलेला एक माणूस उतरला. बाजारहत्नूरकडे एका तेलुगू पिक्चरचं शूटिंग होणार होतं आणि तो त्याचा को-डायरेक्टर होता. पिक्चरमधल्या शेतकऱ्याच्या घरात टांगायला त्याला घुंगरमाळा हव्या होत्या. माळा घेऊन झाल्यावर तो नागोरावांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तोंडाला काही लागलं असेल म्हणून नागोरावांनी ते उपरण्यानं पुसलं.

“अंकल, आपका फेस सुपर है,” तो म्हणाला. “अ‍ॅक्टिंग करेंगे क्या?”

नागोराव साठीला आले होते. त्या चेहऱ्याला आजवर कोणी सुपर म्हटलं नव्हतं. त्यांची बायको रुख्मिणी रोज विचारायची, “तोंड असं काऊन केलं? म्हैस मेली का कोणाची?” मागच्या थंडीत ती गेली आणि त्यानंतर त्या चेहऱ्याबद्दल कोणी काहीच बोललं नव्हतं. त्यामुळे नागोरावांनी फार विचार केला नाही. ते ‘करेंगे’ म्हणाले.

रोल हिरोच्या बापाचा होता आणि त्याला एक डायलॉग होता. “नायना, ना माट विनु.” म्हणजे बाळा, माझं ऐक. हिरो ऐकत नाही, शहरात निघून जातो आणि तिथून पिक्चर सुरू होतो. म्हणजे बापानं ते वाक्य म्हटलं नाही तर पिक्चर सुरूच होणार नाही, असं नागोरावांनी देवाजीला समजावून सांगितलं.

देवाजी म्हणजे तो चहावाला. खूप वर्षांपूर्वी तो एका पिक्चरच्या बाजाराच्या सीनमध्ये गर्दीत उभा राहिला होता. तेव्हापासून तो सिनेमाबद्दल बोलताना ‘आमच्या लाइनमधी’ असं म्हणतो.

“नागोभाऊ, एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याकडं पाहाचं नाही. म्या पाह्यलं, अन् मले कापलं.”

“कुठं कापलं?”

“सीनमधून, बाप्पा! आंगाले काय करतेत ते?”

देवाजीच्या मते नटाला आधी फोटोंचा अल्बम लागतो. म्हणून नागोराव पंकजच्या दुकानात गेले. पंकजचं फ्लेक्सचं आणि फोटो-फ्रेमचं दुकान. आसपासच्या गावांतला प्रत्येक वाढदिवस, निवड, स्वागत आणि मरण त्याच्याच मशीनमधून बाहेर पडतं. पोरगा कामाचा चोख, पण त्याची सगळी गिऱ्हाइकं पुढारी असल्यामुळे त्याला तीनच पोझ येत. हात जोडलेले, हात हलवणारे आणि फोनवर बोलता बोलता समोर बोट दाखवणारे. त्यानं तिन्ही काढल्या. फोटो हातात आले तेव्हा नागोराव हिरोचा बाप कमी आणि सरपंचाच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार जास्त दिसत होते.

मग दौलत न्हाव्यानं सांगितलं की पिक्चरमध्ये पांढरी मिशी चालत नाही, आणि विचारायच्या आत काळी करून टाकली. संध्याकाळी को-डायरेक्टरचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं डोक्यावरचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, “अंकल, हमको बाप चाहिए. दूल्हा नहीं.” दुसऱ्या दिवशी दौलतनं ती मिशी कशानं तरी धुतली. रंग निघाला, पण पूर्ण नाही. पुढचे काही दिवस मिशी घरावरच्या जुन्या कवेलूसारखी विटकरी होती आणि नागोराव तोंडावर उपरणं धरून माल विकत होते.

एवढ्यावर माणूस थांबला असता. पण देवाजीनं कुठून तरी ऐकलं होतं की शूटिंगला सरकारी कलावंत-कार्ड लागतं. नागोराव दरख्वास्त लिहून कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं ती दोनदा वाचली.

“कलावंत असल्याचा सबूत?”

“शूटिंग व्हायची हाय अजून.”

“मंग अजून तुमी कलावंत झालेच नाही. शूटिंग झाल्यावर या.”

“पन शूटिंगलेच कार्ड लागते म्हनतेत.”

“तेच सांगून राह्यलो न मी. कार्ड पाह्यजे तर शूटिंग करून या.”

नागोराव तसेच उभे राहिले. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला दया आली. त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मंडळी वारली न तुमची? विधुर असल्याचा दाखला पाह्यजे असंल तर तो आत्ता देतो.”

जो दाखला मागितला तो मिळेना आणि जो कोणालाच नको असतो तो तयार होता. नागोराव पायऱ्या उतरले. (पुढं शूटिंगला कोणी कार्ड विचारलंच नाही.)

यानंतर रडण्याचा विषय निघाला. नट म्हणजे रडणं, याबद्दल देवाजीच्या टपरीवर कोणाचं दुमत नव्हतं. डायलॉगमध्ये रडणं नाही, असं नागोरावांनी सांगून पाहिलं. “ऐन टायमावर मांगतेत,” देवाजी म्हणाला. आधी कांदा झाला. नागोराव जन्मभर स्वतःच कांदा चिरत आलेले, त्यांना काही झालं नाही. मग कोणीतरी डोळ्याखाली बाम लावायला सांगितला. तो डोळ्याखाली न राहता डोळ्यात गेला. पाणी आलं, पण इतकं की हिरोचा बाप कॅमेऱ्याऐवजी नळ शोधत सुटला.

“हे कायले करता?” दौलत म्हणाला. “रुख्मिणीवहिनीची याद काढा न. आपोआप येते.”

नागोरावांनी कप खाली ठेवला आणि ते दुकानात निघून गेले. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा घेतला नाही. दौलतनंही तो विषय पुन्हा काढला नाही.

डायलॉग मात्र त्यांनी सोडला नाही. कासरा घ्यायला आलेल्याला ते म्हणत, “नायना, ना माट विनु, हा नको नेऊ, तो ने.” बसमधल्या कंडक्टरला म्हटला. गाईला म्हटला. घरी रुख्मिणीच्या फोटोसमोर उभं राहून रोज सकाळी म्हटला. फोटोनं कधी दाद दिली नाही, पण ती जिवंत असतानाही देत नसे, त्यामुळे नागोरावांना त्याचं काही वाटलं नाही.

नार्नूरहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, सोजरबाईचा फोन आला.

“नाग्या, बायकोचं वर्षश्राद्ध झालं नाही अन् तू तोंडाले रंग लावून नाचनार म्हने?”

“नाचनार नाही, अक्का. बाप हाय मी त्याच्यात.”

“बाप तर तू हायसच. त्याच्यासाठी तिकडं काऊन जा लागते?”

नागोरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. निर्मल गावाला दिलेली एकुलती एक लेक हर्षाली मात्र म्हणाली, “जा, बाबा. घरी बसून तरी काय करून राह्यले तुमी.” तेवढं पुरेसं होतं.

शूटिंगचा दिवस येईपर्यंत तो डायलॉग नागोरावांचा राहिला नव्हता, गावाचा झाला होता. शाळेतली पोरं येता-जाता म्हणत. पिक्चर लागला की टेम्पो करून सगळ्यांनी आदिलाबादला जायचं आणि ते वाक्य आलं की शिट्ट्या मारायच्या, हेही देवाजीनं ठरवून टाकलं होतं. आता काहीही झालं तरी तो डायलॉग म्हटल्याशिवाय गावात परत यायची सोय नव्हती.

दुकानाची किल्ली देवाजीकडे देऊन नागोराव सकाळच्या बसनं गेले. सेटवर गेल्या गेल्या त्यांच्या तोंडाला पावडर फासली आणि त्यांना एका खुर्चीवर बसवलं. नटाचं मुख्य काम बसून राहणं हे आहे. हे त्यांना देवाजीनं, दौलतनं, कोणीच सांगितलं नव्हतं. पावडर वाळली, उन्हानं भेगाळली, पुन्हा लावली, पुन्हा भेगाळली. जेवणाच्या सुमारास को-डायरेक्टर आला. त्याचा चेहरा बघून नागोरावांना वाटलं, याच्या घरी कोणी गेलं असावं. गेलं होतं, पण त्याच्या घरी नाही.

“अंकल, स्टोरी थोड़ी चेंज हुई. बाप अब पहले से मरा हुआ है.”

“कब मरा?”

“पिक्चर शुरू होने के पहले.”

“फिर मेरा डायलॉग?”

“मरा हुआ आदमी डायलॉग कैसे बोलेगा, अंकल?”

यातही चूक काढता येत नव्हती. को-डायरेक्टर खुर्ची ओढून जवळ आला. “मगर आप पूरे पिक्चर में हैं! हर सीन में! दीवार पे आपका फोटो. हार डालके.”

बारक्याशा रोलसाठी भांडावं की निघून जावं, हे नागोरावांना ठरवता येईना. डायलॉग तर गेलाच होता, निघून गेले तर फोटोही नाही. फोटो तर फोटो, निदान तोंड तरी दिसेल, असा विचार करून त्यांनी मान हलवली. मग फोटो शोधायला सुरुवात झाली. पंकजनं काढलेले सगळे नापास झाले. “मरा हुआ आदमी उंगली दिखाके किसको धमका रहा है?” को-डायरेक्टर म्हणाला. शेवटी नागोरावांच्या फोनमध्ये हर्षालीच्या लग्नातला एक फोटो सापडला. फेटा बांधलेला, मोकळेपणानं हसणारा. त्यांचा हसरा फोटो तेवढाच होता. आजूबाजूचं कापून हाच लावू, असं ठरलं.

“फ्रेम करने वाला है क्या नज़दीक में?”

आता इथं नागोरावांनी मान हलवून नाही म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण गावचा पोरगा, त्याला काम मिळेल, म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानानं पंकजचा नंबर दिला. को-डायरेक्टरनं स्वतःच्या फोनवरून फोटो पाठवला आणि खाली तेलुगूत लिहिलं की बाजूचं कापून मोठी फ्रेम, चंदनाचा हार, समोर ठेवायला दिवा, आज संध्याकाळपर्यंत, फार अर्जंट. नंतर सेटच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन बंद करून एका पिशवीत गेले.

निघताना त्यांनी नागोरावांचा सदराही ठेवून घेतला. मेलेल्या बापाचा सदरा खुंटीला टांगायचा होता. बदल्यात पांढराशुभ्र झब्बा दिला. परतीच्या बसमध्ये फोन हातात आला, पण चालू करायचा धीर होईना. पहिला फोन देवाजीचाच आला असता. त्याऐवजी त्यांनी गावात काय सांगायचं ते ठरवलं. डायलॉग झाला. एका टेकमध्ये झाला. डायरेक्टरनं पाठ थोपटली. बस नेरडीगोंड्यात शिरेपर्यंत हे त्यांना स्वतःला खरं वाटायला लागलं होतं.

दिवस मावळतीला आला होता. चौरस्त्यावर उतरले तर समोरच त्यांचा मोठा फ्लेक्स. फोटो तोच, बोट दाखवणारा. वर लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ सिनेकलावंत’. नागोरावांची छाती भरून आली. जी पदवी कचेरीनं दिली नाही ती पंकजनं एका दुपारी देऊन टाकली! मग त्यांनी पुढचं वाचलं. ‘कै. नागोराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली शोकाकुल मंडळींचे फोटो होते आणि त्यांत देवाजीचा फोटो मयतापेक्षा मोठा होता.

पंकजचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. अनोळखी नंबरवरून ओळखीच्या माणसाचा फोटो येतो, हार आणि दिवा मागितला जातो, अर्जंट म्हणून सांगितलं जातं. त्यानं उलट फोन लावला, बंद. नागोरावांना लावला, बंद. तो देवाजीकडे धावला. देवाजी डोक्याला हात लावून म्हणाला, “फायटिंगच्या सीनमधी गेले असतीन. आमच्या लाइनमधी जिवाची ग्यारंटी नसते. बॉडी रातपर्यंत येईल.” मग पंकजनं फ्रेम तर केलीच, वर आपल्यातर्फे फ्लेक्स फुकट लावला आणि त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. पोराचं मन चांगलं आहे, एवढंच म्हणता येईल.

नागोरावांच्या अंगणात गाव बसलं होतं. स्टुलावर फ्रेम, तिला चंदनाचा हार, पुढे दिवा. एका कोपऱ्यात चारजण बांबू बांधत होते. सोजरबाई नार्नूरहून केव्हाच येऊन पोचल्या होत्या आणि फोटोसमोर बसून रडत होत्या. त्यांचं रडणंही त्यांच्या बोलण्यासारखंच होतं.

“माह्या नाग्या रेऽऽ, तुले म्हनलं व्हतं रेऽऽ, नको जाऊ तिकडं... कोनाचंच ऐकलं नाही रेऽऽ, लहानपनापासून असाच व्हता रेऽऽ...”

“सोन्यासारखा मानूस,” देवाजी डोळे पुसत म्हणाला. “आमच्या लाइनमधला.”

नागोराव फाटकाशी उभे राहिले. आपल्याबद्दल चांगलं बोललं जात असताना मधे जाणं त्यांना बरं वाटेना. अजून थोडं ऐकावं असं वाटलं. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं आणि राहवलं नाही.

“देवाजी! हा दोर कोनं काढला? हा पुढच्या पोळ्याचा माल हाय!”

देवाजीनं तिरडीसाठी दोर नागोरावांच्याच दुकानातून आणला होता. किल्ली होती, माणूस गेलेला, विचारायचं कोणाला? पण आता हे कोण सांगणार? पांढरा झब्बा, पांढरं तोंड आणि विटकरी मिशी घेऊन नागोराव दिव्याच्या उजेडात आले आणि अंगण मोकळं झालं. दौलत पाण्याच्या टाक्यात पडला. देवाजी बाजेखाली शिरला. सोजरबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या उठल्या, जवळ आल्या, भावाच्या दंडाला करकचून चिमटा घेतला. नागोराव ओरडले. मग सोजरबाईंनी एक थप्पड मारली.

“मेला नाहीस तू?”

“नाही, अक्का.”

त्यांनी भावाला खालून वरपर्यंत पाहिलं. मग सोजरबाईंच्या तोंडावर एकदम समजुतीचा उजेड पडला. “डोक्यावर कावळा बसला का रे तुझ्या?”

या भागात अजूनही कोणाच्या डोक्यावर कावळा बसला की तो मरण घेऊन आला असं मानतात. त्यावर उपाय एकच. तो माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्या नातलगांना कळवायची. ते खरं खरं रडले की मरणाचं समाधान होतं आणि ते परत जातं. अट एवढीच, की रडणाऱ्याला आधी कळता कामा नये. सोजरबाईंनी स्वतः तरुणपणी एकदा असं सगळ्या माहेराला रडवलं होतं.

नागोरावांना वाटलं, आता आभाळानंच मदत पाठवली. डायलॉग गेला, फोटो झालो, हे काहीच सांगायची गरज नव्हती.

“हो न, अक्का,” ते म्हणाले. “सकाळीच. बाजारहत्नूरच्या स्टँडवर.”

बघता बघता अंगण पुन्हा भरलं. कावळा म्हटल्यावर कोणाला राग आला नाही. “मंग पहिलेच सांगाचं न, बाप्पा,” देवाजी बाजेखालून म्हणाला.

“सांगतलं तं रडू येते का तुले?” सोजरबाईंनी त्याला फटकारलं.

“अन् डायलॉग?” पंकजनं विचारलं.

“एका टेकमधी,” नागोराव म्हणाले.

टाळ्या वाजल्या. दौलत ओल्या कपड्यांनी टाळ्या वाजवत होता. सोजरबाईंनी मयताच्या घरी द्यायला म्हणून नार्नूरहून पिठलं-भाकर करून आणली होती. केलेलं टाकायचं नाही, म्हणून त्यांनी ती मयतालाच वाढली. नागोराव आपल्या तिरडीच्या बांबूला टेकून आपल्या मरणाची भाकर खाऊ लागले. भूक सपाटून लागली होती. इज्जत शाबूत होती. दिवस वाईट गेला नाही, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पंकजनं ग्रुपवर टाकलेला फ्लेक्स निर्मलपर्यंत पोचला होता. हर्षाली उतरली, मागून जावई सुरेंद्र. तिच्या पायात चप्पल नव्हती. आई गेली तेव्हा ती पोचेपर्यंत सगळं बांधून झालं होतं, तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नव्हतं. आता तिला आधी दिसले ते बांबू. मग फोटो. मग त्या दोघांच्या मधे पिठलं खात बसलेले बाबा.

ती तिथंच खाली बसली. सोजरबाई घाईघाईनं तिच्याजवळ गेल्या. “काही नाही वो माय, कावळा बसला व्हता डोक्यावर. आता टळलं सगळं.”

“कावळा?” हर्षाली हळूच म्हणाली. ती बाबांकडे बघत होती. “कावळ्यासाठी मले रडवलं, बाबा? आई गेल्यावर? रडवाले दुसरं कोनी नव्हतं तुमाले?”

घास नागोरावांच्या हातातच राहिला. सगळं गाव बघत होतं. एक शब्द बोलले नसते तर लेक रुसली असती, चार दिवसांनी फोन केला असता, मिटलं असतं. आणि ते गावासाठी हिरोचा बाप राहिले असते. त्यांनी घास ताटात ठेवला.

“कावळा नाही बसला, पोरी.”

“मंग?”

“डायलॉगच गेला माहा. त्याहिनं बापाले पहिलेच मारून टाकलं. आता मी नुसता फोटो हाय. भितीवरचा, हार घातलेला. ह्या पंकजले त्याहिनं फ्रेम बनवाले सांगतली, अन् नंबर मीच देल्ता.” मग त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, कारण आता राहिलं काय होतं. “टेक-बिक काही झाला नाही. दिवसभर खुर्चीवर बसून आलो.”

आधी टाक्याजवळून दौलतला हसू फुटलं. त्याच्या मागून पंकज, मग बायका, मग देवाजी. सोजरबाई पदर तोंडावर धरून हसत होत्या. नागोरावांचे कान तापले. कचेरीच्या पायऱ्या उतरतानाही ते इतके तापले नव्हते. पण ते उठून गेले नाहीत. ते लेकीकडे बघत राहिले.

हर्षाली हसली नाही. ती उठली आणि तिनं फ्रेमवरचा हार ओढून काढला. “हा फोटो मी कोनाले देनार नाही. जित्या मानसाले हार घालतेत का कोनी?” तिनं फ्रेम उचलून छातीशी धरली, मग पुन्हा पुढे धरली आणि दिव्याजवळ नेली. मग तिचं बोट काचेवर एका जागी थांबलं.

“पंकज, हे काय हाय इथं, खांद्यावर?”

पंकज गडबडला. “ते... बाजूचं सगळं कापलं, ताई. पन ती बोटं काढाले गेलो तं काकाचा खांदाच जात व्हता. म्हनून राहू देली.”

नागोराव जवळ आले. फेट्याच्या शेमल्याखाली, खांद्यावर, चार बोटं होती. हिरव्या बांगड्यांची एक कडही आली होती.

“आईचा हात हाय हा,” हर्षाली म्हणाली.

सोजरबाईंनी पदरानं काच पुसली, जणू तिच्यावर धूळ होती.

“किती वेळ दिसनार हा फोटो?” हर्षालीनं विचारलं.

“सगळा पिक्चरभर. हरेक सीनमधी, म्हने.”

“हात बी?”

“फोटोसंगं आला तं कुठं जाईल?”

हर्षालीनं फ्रेम पुन्हा स्टुलावर ठेवली. हार तिनं हातातच ठेवला. “हा तिथं गेल्यावरच घाला म्हना त्याहिले. आपल्या घरी नाही.” मग ती एकदम म्हणाली, “पन बाबा, आईले बी डायलॉग नाही न?”

“नाही.”

“आई, अन् अख्खा पिक्चर गप?”

आता मात्र तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि दोन्ही एकदम होऊ लागलं तसं तिनं बाबांच्या झब्ब्याला तोंड पुसलं. पावडर तिच्या कपाळाला लागली. नागोराव फोटोकडे बघत होते.

“गप कशाची राहते ती,” ते म्हणाले. “पाह्य न, खांदा कसा दाबून धरला हाय. तिचंच चालू असंल. म्हनून तं मले डायलॉग नाही भेटला.”